जुन्या राउटरवर नवे फर्मवेअर चढवताना

माझ्या घरातला वाय-फाय राउटर उत्तम चालत होता, पण त्या मॉडेलसाठी यापुढे फर्मवेअरच्या नव्या आवृत्त्या निघणार नाहीत, असे कंपनीने जाहीर केल्यावर तो तसाच वापरत राहणे मला योग्य वाटेना. फर्मवेअर म्हणजे उपकरणाच्या फ्लॅश मेमरीत साठवलेला, वीज गेली तरी न पुसला जाणारा मूळ प्रोग्राम; राउटरमध्ये बाहेरून आलेले काय आत सोडायचे, काय अडवायचे आणि पासवर्ड कसा पारखायचा, हे तोच ठरवतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ या घातक प्रोग्रामने कारखान्यातूनच घातलेले ठरावीक पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. अशा त्रुटी पुढेही सापडत राहणार, आणि माझ्या राउटरमधल्या बुजवायला कोणी उरले नव्हते. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सुरक्षा-सुधारणा किमान केव्हापर्यंत मिळतील हे उत्पादकाला कायद्याने सांगावेच लागते. आपल्याकडेही प्रत्येक खोक्यावर ती तारीख छापलेली असावी, असे मला मनापासून वाटते.

राउटर फेकून देण्याऐवजी मी ‘ओपनडब्ल्यूआरटी’ हे लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर आधारलेले मुक्त फर्मवेअर निवडले. त्याचा उगम २००४ मधला. लिंक्सिसच्या एका राउटरमधला लिनक्सचा कोड परवान्याच्या अटींमुळे कंपनीला खुला करावा लागला, त्यातून हे काम उभे राहिले. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅम असलेल्या राउटरवर त्याच्या अलीकडच्या आवृत्त्या चालत नाहीत. माझ्याकडे १६ आणि १२८ एमबी असल्याने ती अडचण नव्हती.

सर्वांत जास्त काळजी योग्य फाइल निवडताना घ्यावी लागली, कारण एकाच नावाच्या मॉडेलच्या निरनिराळ्या हार्डवेअर आवृत्त्यांमध्ये चिपच वेगळी असू शकते. ही आवृत्ती राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या लेबलवर असते; ती पाहून मी फाइल उतरवली आणि तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलच्या मजकुरावरून काढलेली तिची ओळखखूण) संकेतस्थळावरच्या आकड्याशी जुळवून पाहिला. मग लॅपटॉप लॅन केबलने जोडला, राउटर यूपीएसवर घेतला आणि जुन्याच अपडेटच्या पानावरून फाइल चढवली. फ्लॅशवर लिहिणे चालू असताना वीज गेली तर अर्धवट फर्मवेअर घेऊन राउटर सुरूच होत नाही. मात्र बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, वेगळ्या भागात शाबूत असेल तर पुष्कळ मॉडेलांना टीएफटीपीने, म्हणजे केबलवरून फाइल पाठवण्याच्या एका साध्या पद्धतीने, पुन्हा जिवंत करता येते, आणि ती कृती मी आधीच वाचून ठेवली होती.

दिवे स्थिर झाल्यावर ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ हा राउटरचा पत्ता उघडला. सुरुवातीला पासवर्ड नसतो आणि वाय-फायही बंद असते, म्हणून आधी पासवर्ड घातला, देश म्हणून भारत निवडला आणि मगच वाय-फाय सुरू केले. शेवटी साऱ्या सेटिंगचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेतला. पुढची आवृत्ती चढवण्यापूर्वी तो पुन्हा घेणार आहे.