बर्फ कमी टाक

आमच्या संभाजीनगरातल्या (पूर्वीचं औरंगाबाद) गारखेड्यात, घरापासून चालत सात मिनिटांवर, खाली मेडिकल आणि वर एक छोटासा कॉकटेलचा बार आहे. आता बार म्हणलं की आपल्याकडं डोळ्यासमोर काय येतं तर परमिट रूम, म्हणजे काळ्या काचा, भर दुपारी अंधार, वाटीत खारे शेंगदाणे आणि शेवटची एसटी सुटायच्या आत क्वार्टर संपवायला बसल्यासारखी माणसं. (परमिट म्हणजे खरंच परमिट बरं का, 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्याकडं प्यायला परवाना लागतो, एका दिवसाचा 5 रुपयांत मिळतो. मला आजवर कुठं कुणी तो विचारलेला नाही.)

या बारमध्ये उजेड आहे. मला तेवढंच पुरतं खरं तर. सहा टेबलं, उघड्या खिडक्या, खालून पाणीपुरीवाल्याच्या गाड्याचा आवाज, आणि एकच ग्लास घेऊन दीड तास बसलं तरी वेटर "साहेब, रिपीट?" करत डोक्यावर उभा राहत नाही. महिन्यातून दोनदा शुक्रवारी जातो, बायको सोबत असली की ती लिंबू-सोडा घेते आणि माझ्या ग्लासातलं अर्धं पिते.

एकदा एका दोस्ताला घेऊन गेलो. मूळचा लातूरचा, आता वाळूजला कंपनीत. बियरच्या कारखान्यांच्या गावात राहणारा माणूस, त्याला बियर सोडून दुसरं काही पेय असतं हे पटतच नाही. मेन्यू बघितला आणि सुरू झाला, "एका कॉकटेलचे साडेचारशे? कामून? सोनं घालून द्यायलेत का? एवढ्यात आपली क्वार्टर येती, वर अर्धी तंदुरी येती." आणि काउंटरकडं बघून मोठ्यानं, "ए भाऊ, बर्फ कमी टाक, माल जास्त टाक!"

काउंटरवरचा पोरगा किनवटकडचा आहे. त्याच्या गावाकडं उन्हाळ्यात पहाटे मोहाची फुलं वेचायला जातात, हे त्यानंच मला एकदा सांगितलं होतं. पुण्यात कुठंतरी हे काम शिकून आला. तो हसला आणि म्हणला, "सर, बर्फ कमी टाकला तर लवकर वितळतो. जास्त टाकला की टिकतो."

दोस्त गप्प. मी पण गप्प, कारण मला तरी कुठं माहीत होतं, इतके दिवस मी पण मनातल्या मनात बर्फाचेच पैसे मोजत होतो.

मग आम्ही दोघं उठून काउंटरलाच जाऊन उभे राहिलो. तो मोसंबीचं करत होता. जालन्याची मोसंबी, आमच्या डोळ्यासमोर कापून पिळली, कारण तिचा रस काढून ठेवला की थोड्या वेळानं कडू पडतो हे आपल्याला रसवंतीवाल्यानं शिकवलेलंच असतं. नुसत्या मोसंबीला आंबटपणा कमी म्हणून अर्धं लिंबू, साखरेचा पाक, साठ मिली जिन. मग भांडं बर्फानं गच्च भरलं, वरून दुसरं भांडं उलटं बसवलं आणि खांद्याजवळ नेऊन असं काही हलवलं की खालचा पाणीपुरीवाला वर बघायला लागला. आधी खडखड, मग हळूहळू तो आवाज बारीक होत जातो, आणि स्टीलवर बाहेरून पांढरं दव चढतं, बोटाचे ठसे उमटतील असा. त्याला वेळ विचारली तर म्हणे घड्याळ नाही बघत, हाताला चटका बसला की झालं. गाळून ग्लासात ओतलं, मोसंबीच्या सालीची एक पट्टी ग्लासावर पिळली, तिच्यातून बारीक फवारा उडाला आणि वास आधी आला, घोट नंतर.

"आता याच्यात जे आहे ना," तो म्हणला, "त्यात जवळजवळ पाव हिस्सा वितळलेल्या बर्फाचं पाणीच आहे. ते नसलं तर घशाखाली जाणार नाही."

घरी येऊन मी शोधाशोध केली तर 1806 सालच्या न्यूयॉर्क राज्यातल्या एका पेपरात कॉकटेल म्हणजे काय ते छापलेलं सापडलं: कुठलीही दारू, साखर, पाणी आणि कडू अर्क. पाणी चक्क यादीत! आणि इंग्रजांचा तो पंच, तो तर सतराव्या शतकात आपल्याच बाजूनं तिकडं गेला, अरक (म्हणजे दारू), लिंबू, साखर, पाणी, मसाला, आणि शब्द बहुतेक आपल्या पाचावरूनच पडलाय. दोस्ताला हे सांगितलं तर म्हणे, "म्हणजे पंचामृतच की रे. तीर्थ म्हणून द्या मग, साडेचारशे कशाला घेता."

पण त्या दिवशी तिथं वेगळंच झालं. कसं कुणास ठाऊक, बोलणं पाण्यावर गेलं. मी म्हणलं आमच्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी, तर दोस्त म्हणे तुमचं काय घेऊन बसलास. 2016 ला तो लातुरातच होता. पाण्याच्या टाक्यांपाशी 144 कलम लागलेलं, आणि एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला 10 वाघिणी, 5 लाख लिटर. लोक मोबाईल घेऊन गाडी बघायला गेले होते, हा पण गेला. टँकर गल्लीत यायचा तेव्हा त्याची आई पातेली, तांबे, अगदी चहाचं भांडंसुद्धा भरून ठेवायची. त्याच उन्हाळ्यात हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठानं दारूच्या कारखान्यांचं पाणी कापायला लावलं होतं, 60 टक्क्यांपर्यंत, आणि हा नंतर नोकरीला लागला तो त्याच एमआयडीसीत. हे सांगताना हसत होता, पण ग्लास हातातच धरून होता.

दीड तासानं उठलो. बिल मी दिलं, त्यावरून पुन्हा एकदा तंदुरीचा हिशोब ऐकून घेतला. पोरगा टेबल आवरायला आला, ग्लास उचलणार तेवढ्यात ह्यानं त्याचा हात धरला.

"थांब की. खाली पाणी राह्यलंय."

आणि तळाशी साठलेलं ते बर्फाचं पाणी पिऊन टाकलं, उरलेला एक खडा तोंडात घेतला, आणि जिन्यावरून खाली उतरेपर्यंत कुडुम कुडुम चावत होता.