एक दाबू की दोन? लॅपटॉपच्या वॉरंटीचा माझा अनुभव

लॅपटॉप घेताना मी जरा जास्तच शहाणपणा केला. घरगुती लाइनचा नको, ऑफिसवाल्या लाइनचाच घ्यायचा, म्हणजे डेलचा इन्स्पिरॉन सोडून लॅटिट्यूड किंवा एचपीचा पॅव्हिलियन सोडून एलिटबुक, त्या जातीतला (माझा कुठला ते जाऊ दे). दिसायला ठोकळा, पण दणकट. खरेदी झाली झटपट, वर्षभर मस्त चालला आणि मग एंटर की अडकायला लागली.

फोन लावला. "घरगुती वापरासाठी एक दाबा, व्यवसायासाठी दोन दाबा." आता मी वापरतो घरी, म्हणून एक दाबलं. वीस मिनिटं तेच संगीत. मग, "सर, हा सिरीयल नंबर आमच्याकडे दिसत नाही, हे कमर्शियल मॉडेल आहे." बरं, दोन दाबलं. "कंपनीचं नाव?" अहो कंपनी नाही, मी एकटाच आहे. "मग सर तुम्हाला होम सपोर्टला जोडतो." आणि परत तेच संगीत! तीन दिवस हेच, दर वेळी नवीन माणूस, दर वेळी पहिल्यापासून सिरीयल नंबर वाचायचा, बी फॉर बॉम्बे करत. तिसऱ्या दिवशी माझा आवाज चढला, त्या पोराची काही चूक नव्हती खरं तर. त्यानेच हळूच सांगितलं की वॉरंटी अजून विक्रेत्याच्या नावावर आहे, साइटवर बिल अपलोड करून मालकी बदलून घ्या. तिथेही कंपनीचं नाव सक्तीचं! वैतागून माझंच नाव टाकलं, आणि चाललं.

दुसऱ्याच दिवशी माणूस घरी हजर, अर्ध्या तासात कीबोर्ड बदलून गेला. ही लाइन घ्यायची ती यासाठीच. कंपन्या एकच मॉडेल शेकड्याने घेतात, मशीन बंद म्हणजे माणूस बसून, म्हणून जागेवर येऊन दुरुस्ती आणि पार्ट बरीच वर्षं मिळणं याला तिथे किंमत. घरगुती गिऱ्हाईक स्क्रीन, रंग आणि ऑफर बघतं, तिथे बऱ्याचदा मशीन आपणच उचलून न्यायचं. अर्थात प्लॅनवर असतं, बिल करतानाच ऑनसाइट (घरी येऊन दुरुस्ती) आहे का विचारा, मी विचारलं होतं म्हणून वाचलो.

नंतर फीडबॅकचा फॉर्म आला, त्यात प्रश्न, कर्मचारी किती? मी लिहिलं १.

आणि हो, नावावर जाऊ नका, डेलने २०२५ मध्ये इन्स्पिरॉन, लॅटिट्यूड अशी जुनी नावं काढून डेल, डेल प्रो, डेल प्रो मॅक्स सुरू केलंय, त्यात प्रो म्हणजे ऑफिसवाली लाइन. लॅपटॉपच्या खालच्या, सिरीयल नंबरच्या स्टिकरचा फोटो आजच काढून ठेवा, माझ्यावरचे शेवटचे दोन आकडे घासून गेले होते, बायॉसमध्ये (मशीन चालू होतानाच उघडायची सेटिंग) शिरून बघावे लागले.