हिल्डेसहाइमचं खाटीकघर: जाण्याआधी हे वाचा

जर्मनीतल्या हॅनोवरच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी पुण्याहून बरीच मंडळी जातात आणि एक मोकळा दिवस मिळाला की कुणीतरी हमखास सुचवतं, ‘जवळच्या हिल्डेसहाइम शहरात जा, तिथे खाटकांच्या संघाचं 1529 सालचं घर आहे.’ मलाही हेच सांगितलं होतं. यातलं निम्मंच खरं आहे.

मूळ घर 1529चंच, पण 22 मार्च 1945च्या बॉम्बहल्ल्यात ते जळून खाक झालं. साठच्या दशकात त्या जागी काँक्रीटचं हॉटेल उभं राहिलं. पुढे ते पाडून 1987 ते 1989 मध्ये हे घर पुन्हा बांधलं. म्हणजे तुम्ही बघता ते लाकूड माझ्या धाकट्या भावाहून लहान! घरासमोरच्या चौकातल्या कुणीच हे आपणहून सांगितलं नाही.

आत शहराचं संग्रहालय आहे. मी सुरे, ओंडके, वजनकाटे, खाटकांचा रोजचा धंदा शोधत गेलो. तिथे भर आहे तो हिल्डेसहाइमच्या इतिहासावर. त्यासाठी जिने चढायचे असतील तर चढा. गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच बघा, फार काही हुकणार नाही.

कारण खरा ऐवज बाहेर आहे. प्रत्येक मजला खालच्यापेक्षा पुढे झुकलेला, तुळयांवर कोरीवकाम, आणि ओकचे सांधे लाकडी खुंट्यांनी जोडलेले. विसाव्या शतकाच्या शेवटी सुतारांनी जुन्या पद्धतीने हे उभं केलं, हे कळल्यावर माझा राग निम्मा उतरला. खाटकांसाठी जाऊ नका, सुतारांसाठी जा. एका कोपऱ्यावर थांबून सांधे नीट बघा, दुर्बीण असेल तर उत्तम.

उरलेला राग पाण्याचा. चौकाजवळच्या एका खानावळीत साधं पाणी मागितलं, तर बाटली आली आणि बिल बघून जेवण कडू झालं. ‘लाइटुंग्सवासर’ म्हणजे नळाचं पाणी, असं स्पष्ट मागा. तरी मिळेलच असं नाही. बाटली हॉटेलवरूनच भरून घ्या.

कॅथेड्रल आणि सेंट मायकेलचं चर्च जागतिक वारसा यादीत आहेत, छान आहेत, बघून घ्या.

चारपाच जण असाल तर रेल्वेचं नीडरझाक्सन तिकीट (या राज्यापुरतं दिवसभराचं तिकीट) काढा, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं. मात्र कामाच्या दिवशी ते सकाळी 9 नंतरच चालतं आणि वेगवान आयसीई गाडीत चालत नाही. संग्रहालय आतून बघायचं असेल तर सोमवारी जाऊ नका; जर्मनीतली बहुतेक संग्रहालयं त्या दिवशी बंद असतात.