ठकीची नऊ अंडी

आमच्या कासवीने, ठकीने, पहिल्यांदा अंडी घातली ती पाण्यात. सकाळी टाकीचा दिवा लावायला गेले, तर तळातल्या गोट्यांमध्ये चार पांढरी, लांबट अंडी पडलेली आणि पाचवं फुटून त्याचा बलक पाण्यात पसरलेला. मी चारही बाहेर काढली, नळाखाली धुतली, पुसून मऊ कापडावर ठेवली आणि दिवसातून चार वेळा उलटीपालटी करून बघत राहिले. आठवड्याभरात ती पिचकून पिवळी पडली. कासवाचं अंडं पाण्यात काही तास राहिलं तरी आतला जीव गुदमरतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. एखादं तगलं असतं तरी माझ्या उलटापालटीने गेलंच असतं. त्या अंड्यांची रुखरुख अजून आहे, म्हणून दुसऱ्या खेपेला काय केलं ते नीट लिहून ठेवते आहे.

ठकी लाल कानाची पाणकासवी. डोळ्यांमागे तो ओळखीचा लाल पट्टा, पाठ १९ सेंटिमीटर. तिच्यासोबतचा बंड्या तिच्यापेक्षा बराच लहान आहे. नराची पुढची नखं लांब आणि शेपूट जाड असते, त्यावरून तो नर आहे हे कळलेलं होतं. पण नर सोबत नसला तरी मादी अंडी घालते. ती बहुधा फळत नाहीत, मात्र मादी नराचं बीज शरीरात बराच काळ साठवून ठेवू शकते. त्यामुळे एकटी मादी पाळणाऱ्यांनीही घालायला माती देणं गरजेचंच आहे. जागा मिळाली नाही तर ती अंडी पोटात अडवून धरते आणि त्यातून जिवावर बेतू शकतं.

दुसऱ्या वेळी खुणा मी ओळखल्या. तिने खाणं सोडलं. दिवसभर काचेवर पाय मारत वर चढायची, ऊन घ्यायच्या फळीवर मागचे पाय ओढत राहायची. मी एका मोठ्या टबात वीस सेंटिमीटर खोल ओलसर माती आणि वाळू भरली, इतकी ओली की खणलेला खड्डा ढासळू नये. तिला त्यात सोडलं, वर दिवा लावला आणि खोलीतून बाहेर गेले. कोणी बघतंय असं वाटलं की ती थांबते. दोन दिवस नुसतं उकरून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून बघितलं. ती मागच्या पायांनी, एकदा डावा, एकदा उजवा, असा ओंजळीसारखा करून माती बाहेर काढत होती. खड्ड्याकडे तिने एकदाही मान वळवली नाही, सगळं पायांनी चाचपून. अंडी घालून झाल्यावर तिने माती परत लोटली, पोटाने दाबून सपाट केली आणि सरळ निघून गेली. कासवी नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. प्रत्यक्षात ती नजरही टाकत नाही. जे करायचं ते खड्डा खणतानाच करून मोकळी होते.

माती मी चमच्याने आणि बोटांनी हळूहळू बाजूला केली. प्रत्येक अंडं दिसलं की ते जसं पडलं होतं तसंच ठेवून वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने आकडा लिहिला, मगच उचललं. एक ते नऊ. कोंबडी अंडी सारखी वळवते, म्हणून कासवाचीही वळवायची असं वाटणं स्वाभाविक आहे. पण कासवाच्या अंड्यात बलक धरून ठेवणाऱ्या त्या पीळदार दोऱ्या नसतात. पहिल्या दिवसातच गर्भ कवचाच्या आतल्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं फिरलं तर तो मरू शकतो. पेन्सिलीचा आकडा कायम वर असला पाहिजे, एवढं एक सांभाळलं तरी निम्मं काम झालं.

उबवणीची पेटी घरीच केली. थर्माकोलच्या झाकणाच्या खोक्यात चार बोटं पाणी, त्यात मत्स्यटाकीचा हीटर, पाण्यात दोन विटा आणि विटांवर अंड्यांचा प्लास्टिकचा डबा. डब्यात व्हर्मिक्युलाइट, म्हणजे ओल धरून ठेवणारं हलकं खनिज, त्यात तितक्याच वजनाचं पाणी. मुठीत दाबलं तर गोळा व्हावा, पण थेंब गळू नये. अंडी त्यात निम्मी रुतवली. आतल्या झाकणाला एका बाजूने उतार दिला, नाहीतर वाफेचे थेंब थेट अंड्यांवर पडतात. आणि डबा भरल्याबरोबर त्याचं वजन करून झाकणावर लिहिलं. दर आठवड्याला वजन करायचं, जितके ग्रॅम कमी भरतील तितकं कोमट पाणी कडेने, अंड्यांना न लागता घालायचं. ही युक्ती मला सगळ्यात उपयोगी पडली. ओल किती आहे हे डोळ्यांना कळत नाही, वजनकाट्याला कळतं.

हीटरवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. माझा ३० वर लावल्यावर अंड्यांजवळ २८ यायचे. अंडी ठेवण्याआधी दोन दिवस रिकामी पेटी चालवून बघितली आणि तापमापकाचं टोक अंड्यांच्या उंचीवर ठेवलं. २८ मुद्दाम निवडलं. या कासवांत नर की मादी हे उबेवर ठरतं. २६ अंशांच्या आसपास सगळे नर, ३१ ला सगळ्या माद्या, साधारण २९ च्या जवळ मिश्र. उबवणीच्या काळाचे तीन भाग केले, तर ठरतं तेही मधल्या भागात. (सरपटणाऱ्या प्राण्यांत असं घडतं हे पहिल्यांदा १९६६ मध्ये मॅडेलिन शार्निए यांनी एका सरड्यावर दाखवलं.) मला नरच हवे होते. ते लहान राहतात, अंडी घालत नाहीत, त्यांना घर मिळणं सोपं जातं.

चौथ्या दिवशी तीन नंबरच्या अंड्यावर, आकड्याखालीच, खडूने टेकवल्यासारखा एक पांढराफटक ठिपका दिसला. बाकीचं कवच अजून मेणासारखं पारदर्शक आणि तो ठिपका मात्र दाट. हीच फळल्याची खूण. तो ठिपका पुढे पट्टा होतो आणि हळूहळू अख्ख्या अंड्यावर पसरतो. आठवडा संपेपर्यंत सात अंड्यांवर पट्टे आले. दोन आणि आठ नंबर तशीच राहिली, मग पिवळी झाली, त्यांवर बुरशीची लव आली. ती काढून टाकली. घाईने काढू नयेत, पण वास येऊ लागला की थांबू नये. दहाव्या दिवशी अंधार करून मोबाइलचा टॉर्च बाजूने लावला, अंडं न हलवता. आत केसासारख्या बारीक लाल शिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या. मुलीला हाक मारली. ती कितीतरी वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, “आई, बंद कर दिवा, त्याला झोपू दे.”

पाचव्या आठवड्यात रात्री वीज गेली ती सात तास. पेटी चादरींनी गुंडाळली, गरम पाण्याच्या दोन बाटल्या आत ठेवल्या, तरी पहाटे पारा २३ वर होता. मी रडकुंडीला आले होते. पण थोड्या वेळच्या गारठ्याने वाढ मंदावते एवढंच, खरी धास्ती उष्णतेची. म्हणून वीज आल्यावर भरभर तापवायचा मोह आवरा. हळूहळू वर येऊ द्या. नंतर पाहिलं तर एक सोडून सगळ्यांच्या शिरा लाल होत्या. सात नंबरच्या मात्र विरून गेल्या होत्या.

मधले दिवस काहीच घडत नाही. रोज झाकण उघडून क्षणभर ताजी हवा द्यायची आणि बंद करायचं, बस.

६६ व्या दिवशी पाच नंबरला एक चीर पडली. त्यातून नाकाचं टोक आणि त्यावरचा तो इवलासा पांढरा काटा दिसला. कवच फाडायला पिल्लाला तो मिळालेला असतो, पुढे गळून जातो. त्यानंतर अख्खा दिवस पिल्लू हललंच नाही. डोळे उघडे, एक पाय बाहेर. कवच सोलून त्याला मोकळं करावं असं हातांना फार वाटतं, पण अजिबात सोलू नका. आत बसून ते उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं. चार नंबरचं लवकर बाहेर पडलं, तर पोटाखाली वाटाण्याएवढी बलकाची पिशवी लोंबत होती. तिला जखम झाली तर पिल्लू जातं. त्याला ओल्या टिश्यूवर एका छोट्या वाटीत, अंधारात, दोन दिवस ठेवलं. पिशवी आत गेली, पोटावर एक बारीक रेघ राहिली, मगच पाण्यात सोडलं. चार दिवसांत सहाही बाहेर. प्रत्येकाची पाठ जेमतेम तीन सेंटिमीटर, हिरवीगार.

पाणी पाठ बुडेल त्याहून थोडंच जास्त, चढायला सपाट दगड, ऊब आणि यूव्हीबी दिवा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा. पहिले काही दिवस ती खात नाहीत, पोटातला बलक पुरतो. ठकीसाठी समुद्रफेसाचा तुकडा टाकीत टाकला, कारण कवच बनवताना तिचं कॅल्शियम जातं. आणि हात. पिल्लांना किंवा त्यांच्या पाण्याला हात लावला की प्रत्येक वेळी साबणाने धुवायचे. कासवांपासून साल्मोनेला या जंतूचा संसर्ग होतो आणि लहान मुलांना तो फार त्रास देतो. त्याच कारणाने अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकता येत नाहीत.

सहा पिल्लांना घरं शोधायला पाच महिने लागले. एक आमच्याकडे राहिलं. तळ्यात सोडायचा प्रश्नच नव्हता. ही जात जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी परक्या जीवांच्या यादीत आहे, सोडली की तिथल्या मूळच्या कासवांची जागा घेते. ज्यांनी नेली त्यांना मी आधीच सांगितलं, हा नाण्याएवढा जीव चांगली तीस वर्षं जगू शकतो आणि त्याची टाकी दरवर्षी लहान पडत जाते. दोघांनी हे ऐकून नकार दिला. त्यांचे मी आभारच मानले.

यंदा ठकीने पुन्हा टबात खड्डा खणला. सात अंडी निघाली. आता मात्र घरं नव्हती. गर्भ धरायच्या आत, त्याच संध्याकाळी मी ती डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवली. उशीर केला तर आत जीव धरतो, आणि मग ते माझ्याच्याने झालं नसतं. मुलीने विचारलं तेव्हा तिला खरं तेच सांगितलं. तिने डबा उघडून बघितला. एकाही अंड्यावर पांढरा ठिपका नव्हता.