वजा दोन महिने, दोनच

आमचा बाळ ३१ आठवड्यांचा असताना झाला, वजन १३५० ग्रॅम, महिनाभराच्या वर पेटीत होता. डोळ्यांचा पडदा, कान, सगळं तपासून घरी सोडताना सिस्टरनी फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून दिलं, करेक्टेड वय. म्हणजे ४० आठवड्यांना ९ कमी पडले ना, तर दोन वर्षांचा होईपर्यंत त्याच्या वयातून साधारण दोन महिने वजा करून बघायचं.

हे आम्ही इतकं मनावर घेतलं की बसत नाही? वजा करा. रांगत नाही? वजा करा. सासूबाई म्हणायच्या याचा बापही उशिराच चालला. लसीला जायचो तिथे वजन करून "छान आहे" म्हणायचे, आम्ही खूश. वर्षाची तपासणी चक्क चुकवली, ती चूक माझीच.

दीड वर्षाचा झाला तेव्हा अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या, अहो, हा धरून उभा राहतो पण टाचा टेकवतच नाही बघा. त्यांनीच जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डीईआयसीत, म्हणजे लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या केंद्रात पाठवलं, तिथे पैसे लागत नाहीत पण अर्धा दिवस जातो, डबा आणि जास्तीचे लंगोट घेऊनच जा.

तिथल्या मॅडमनी आधी वजाबाकी केली, १८ उणे २, सोळा महिने. मग डासीची, म्हणजे बाळाची वाढ वयाप्रमाणे आहे का बघायच्या चाचणीची पेटी काढली, हे आपल्याकडच्या, बडोद्याच्या मुलांवरून बसवलेलं माप आहे म्हणे. लाल ठोकळे, घंटी, एक मनुका. मनुका याने चिमटीत नाही, अख्ख्या पंज्याने ओढला आणि मी मधेच "घरी उचलतो हो!" मॅडम नुसत्या हसल्या. ऑटिझमचे वीस प्रश्न होते त्यालाही मी धडाधड हो हो म्हणत होते, तर बोटाने दाखवतो का यावर त्या म्हणाल्या, शेवटचं कधी दाखवलं? मी गप्प, आणि तेवढ्यात यानेच वर पंख्याकडे बोट केलं, मला रडूच आलं.

बाकी ठीक निघालं, हालचालींचा आकडा मात्र ६८, वयाप्रमाणे असेल तर शंभर, सत्तरच्या खाली म्हणजे डिले, वाढ मागे. सोळाच्या जागी अकरा महिन्यांच्या आसपास, आणि हे वजा करून झाल्यावर! पोटात गोळाच आला. फिजिओच्या मॅडमनी पाऊल वर वाकवून दाखवलं, पोटऱ्या ताठ होत्या, रोज ताणायचे व्यायाम दिले आणि पीं पीं वाजणारे बूट घ्यायला सांगितले, शिट्टी टाचेत असलेले, टाच टेकली तरच वाजतात.

पहिला महिनाभर ते बूट मुके होते. आता तेविसावा महिना चालू आहे, खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी वर येऊन सांगून गेल्या, जरा काढा हो ते बूट, झोप होत नाही.