उलट्या कॅटफिशला जेवायला घालताना

दिवाळीनंतर मी तीन अपसाइड डाउन कॅटफिश आणले आणि पुढचे जवळजवळ अठरा दिवस ते मला धड दिसलेच नाहीत. माझा टँक तीन फुटी, साधारण दीडशे लिटरचा, त्यात आधीपासून टायगर बार्ब आणि दोन गौरामी हे मासे. दुकानात सांगितलं की हे उरलंसुरलं खातात, वेगळं काही घालायला नको, आणि मी विश्वास ठेवला.

हा मासा आफ्रिकेतला, काँगो नदीच्या खोऱ्यातला. शास्त्रीय नाव सायनोडॉन्टिस नायग्रिव्हेंट्रिस, म्हणजे काळ्या पोटाचा. बहुतेक माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, याचं बरोब्बर उलट, कारण हा पोहतोच उलटा, त्यामुळे वरून बघणाऱ्याला पोटच दिसतं. वाढून वाढून साडेतीन इंचाच्या आसपास जातो, आणि दिवसा लपून बसणं हा त्याचा स्वभावच आहे, तो आजार नाही, हे मला तेव्हा माहीत असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या आठवड्यात एक जण फिल्टरच्या मागे सापडला. मोबाईलचा टॉर्च मारला तर पोट आत गेलेलं, डोकं अंगापेक्षा मोठं वाटत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही खरंच, कारण टँकमध्ये मी रोज दोनदा खाणं टाकत होते आणि त्यातलं बहुधा काहीच याच्यापर्यंत पोचत नव्हतं, बार्ब दहा सेकंदात सगळं फस्त करतात आणि हा लाईट असेपर्यंत बाहेरच येत नाही.

मग दुसऱ्या दिवसापासून क्रम बदलला. आठ वाजता लाईट चालू असतानाच बार्बना फ्लेक्स, म्हणजे पापुद्र्यासारखं खाद्य, पोटभर, साडेनऊला लाईट बंद, हॉलचाही बंद, आणि पाऊण तासाने बुडणारी पेलेट्स, म्हणजे खाद्याच्या गोळ्या. तरी पहिल्या रात्री बार्ब अंधारात तळापर्यंत आलेच. मग हार्डवेअरवाल्याकडून अर्ध्या इंची पारदर्शक पाइप आणली मीटरभर, तिचं एक टोक थेट त्यांच्या कोपऱ्यात धरायचं आणि वरून एकेक पेलेट सोडायची, म्हणजे वाटेत कोणी पळवत नाही. बघायला टॉर्च मारला की तिघेही पसार, म्हणून आकाशकंदिलाचा उरलेला लाल जिलेटिन कागद दोन पदरी करून टॉर्चवर बांधला. लाल उजेडाला ते फारसे बिचकत नाहीत.

खाण्यापेक्षा जास्त वेळ मला लपायच्या जागेने खाल्ला. आधी करवंट्या केल्या, चार वेळा उकळून, पाणी तपकिरी व्हायचं थांबेपर्यंत, कडा पॉलिश पेपरने घासून, कारण कॅटफिशला खवले नसतात, कातडी लगेच खरचटते. पण त्यात कोणी गेलंच नाही. दोन रात्री नुसतं बघत बसले तेव्हा कळलं की यांना गुहा नको, छप्पर पाहिजे, पोट टेकवायला. निसर्गातही ते पडलेल्या लाकडांच्या, फांद्यांच्या खालच्या अंगाला राहतात. गावच्या घराचं एक जुनं मंगळुरी कौल होतं, ते ब्रशने घासलं, दोन दिवस पाण्यात ठेवलं आणि टँकमध्ये मागच्या काचेला तिरकं टेकवलं, खाली दोन दगड. सकाळी बघते तर तिघेही कौलाखाली ओळीने, पोटं वर, मिशा कौलावर फिरतायत. मी आईला हाक मारून दाखवलं.

त्यातल्या रोडावलेल्याला थोडे दिवस वेगळ्या टबात ठेवायचं ठरवलं आणि तिथे चूक झाली, जाळीने पकडला. यांच्या पाठीच्या आणि बाजूच्या परांना काटा असतो, तो ताठ करून लॉक करतात, तो जाळीत अडकला आणि मासा चक्क कुरकुरायला लागला, बारीक करकर आवाज, तो या काट्याच्या घर्षणातून निघतो. शेवटी कात्रीने जाळी कापली. तेव्हापासून मी फक्त प्लास्टिकची बरणी वापरते, तुम्हीही तेच करा.

टबात त्याला फ्रोझन ब्लडवर्मचा (लाल अळ्यांचा) अर्धा क्यूब, टँकच्याच पाण्यात विरघळवून, एक रात्र सोडून एक. नवव्या रात्री पोट सरळ रेषेत आलं, बाराव्या रात्री परत टँकमध्ये सोडला. आता ब्लडवर्म आठवड्यातून दोनदा, बाकी पेलेट्स, कधी काकडीची चकती. सकाळी उरलेलं सायफनने काढायचंच, नाहीतर तळाला कुजून अमोनिया वाढतो. पाणी दर रविवारी पाव भाग बदलायचं.

गंमत म्हणजे लपायला पक्की जागा झाल्यावर ते जास्त बाहेर यायला लागले. हल्ली सव्वानऊलाच, लाईट बंद व्हायच्या आधी, सगळ्यात मोठा कौलाच्या कडेशी येऊन थांबतो, आणि कधी पाण्याच्या अगदी वरच्या थराला उताणा तरंगत तोंडाने पृष्ठभाग चाचपतो. कळपात राहणारा मासा आहे, अजून दोन आणायचेत, पण कौलाखाली आता जागा उरलेली नाही, त्यामुळे आधी गावाहून दुसरं कौल येऊ दे.