त्रिज्या न देता क्षेत्रफळ?

बडोद्यातल्या एखाद्या गोल बागेभोवतीच्या फरशीच्या वाटेचं क्षेत्रफळ काढायचंय, पण एकही त्रिज्या दिलेली नाही. दिलीय फक्त 14 मीटरची जीवा, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत, आतल्या वर्तुळाला जेमतेम स्पर्श करणारी. केंद्रापासून स्पर्शबिंदूपर्यंत रेघ ओढा. ती जीवेला लंब, म्हणून जीवेचे 7-7 असे दोन भाग. पायथागोरस लावला की दोन त्रिज्यांच्या वर्गांतला फरक 49, आणि आपल्याला नेमका तोच हवा होता, कारण वाटेचं क्षेत्रफळ म्हणजे मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा, म्हणजेच π गुणिले हा फरक! क्षेत्रफळ 49π, म्हणजे सुमारे 154 चौरस मीटर.

मात्र दिलेली मापं तशीच ठेवून आकृती हलवली आणि उत्तर बदललं, तर माहिती खरंच अपुरी. चारही बाजू 5 मीटरचा प्लॉट घ्या: चौरस असेल तर 25, कर्ण 6 आणि 8 असतील तर 24. तिथे एक कर्ण मोजावाच लागतो.